डीपीचा सूर

आमचा मोठा मुलगा सात वर्षांचा होता तेव्हाची गोष्ट. मगरिबची नमाज झाल्यावर दादांचे बोट धरून तो मशिदीतून घरी येत होता. आमच्या गल्लीच्या तोंडाशी वीज कंपनीची डीपी आहे. तिच्यासमोर तो थबकला आणि म्हणाला, "दादा, सुनो, डीपी गारई."

दादा हसले नाहीत. दोघे आजा-नातू तिथेच उभे राहिले. मग दादांनी घरी येऊन आपल्या हत्यारांच्या पिशवीतून पिच पाइप काढली आणि पुन्हा बाहेर गेले. परत आले ते समाधानाने. "पांढरी पाच. पण किंचित चढी आहे."

घरातले लाइनमन तेव्हा जेवत होते. ते म्हणाले, "डीपी गुणगुणते म्हणजे ती चालू आहे. हात लावू नका, एवढं शिका."

या लेखात 'आम्ही' म्हणजे आम्ही दोघे नवरा-बायको. एक जण शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते, दुसरे वीज कंपनीत खांबावर चढतात. लिहिणारा हात शिक्षिकेचा असला तरी चूक दोघांची आहे, म्हणून सर्वनामही दोघांचेच.

आमचे घर मिरजेत. मिरज म्हटले की लोकांना दवाखाने आठवतात, रेल्वेचे जंक्शन आठवते, आणि ज्यांना गाण्याचा नाद आहे त्यांना सतारमेकर गल्ली आठवते. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी पटवर्धनांच्या संस्थानकाळात, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात, इथे तंतुवाद्ये करायला सुरुवात केली. तलवारी गेल्या, तंबोरे आले. घरात पाच वक्तांची नमाज आणि अंगणात उन्हात वाळत पडलेले भोपळे, असे हे मोहल्ले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा वर्तमानपत्रात फोटो आले. ते बघायला दादा नव्हते. २०१७ मध्ये ते अल्लाहला प्यारे झाले.

दादा म्हणजे लाइनमनचे वडील. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या कारखान्यात वाद्ये केली. पंढरपूरच्या बाजूचा भोपळा, तुणीचे लाकूड, आणि सगळ्यात शेवटी जवारी. तंबोऱ्याच्या तारा ज्या घोडीवरून जातात तिचा माथा सपाट नसतो, त्याला अगदी हलका बाक असतो. तार त्या बाकावर घासत थरथरते आणि तिच्याखाली सुती दोरा सरकवून तो नेमक्या जागी आणला की तार बोलायला लागते. दोरा केसभर इकडे-तिकडे झाला तर तीच तार मुकी. दादा तासन्तास कानस घेऊन घोडी घासत, पुसत, तार चढवत, ऐकत, पुन्हा उतरवत. मोठा त्यांच्या मांडीला मांडी लावून बसे. तो आठ-नऊ वर्षांचा असताना त्यांनी त्याच्यासाठी एक लहान बांध्याची सतार केली. आतल्या बाजूला, वरून दिसू नये अशा जागी, पेन्सिलीने त्याच्या जन्माचे साल लिहिले.

या घरात वाद्यांबद्दल एकमत होते असे मात्र कोणी समजू नये. लाइनमनचे थोरले भाऊ, मुलांचे बडे अब्बा, यांनी तरुणपणी हाच धंदा केला आणि मग सोडला. आज ते दारे-खिडक्या करतात. वाद्याची कमाई मनाला पटत नाही, असे त्यांनी दादांना सरळ सांगितले. दादांनी वाद घातला नाही. त्याच काळात इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याची पेटी घराघरांत आली होती आणि लाकडी तंबोऱ्याच्या ऑर्डरी कमी होत चालल्या होत्या. त्यामुळे बडे अब्बांनी धंदा दीनसाठी सोडला की पोटासाठी, अशी कुजबुज गल्लीत झाली. आम्हाला ती कधीच आवडली नाही. माणूस एका कारणाने निघतो आणि दुसरे कारण त्याला वाटेत भेटते, असेही होते. संगीताबद्दल उलेमांमध्ये मतभेद आहेत. कोणी सरसकट मना करतात, कोणी शब्द आणि हेतू बघतात. आम्ही मुफ्ती नाही. ज्या घरात एक भाऊ तंबोरा घडवतो आणि दुसरा त्याला हात लावत नाही, आणि ईदला दोघे एका दस्तरखानावर बसतात, त्या घरातले आम्ही.

आता आमची चूक.

२०१९ साली मोठा बारावीला होता. सतार त्याच्या हातातून सुटत नव्हती. मार्चच्या परीक्षेनंतर सीईटी होती आणि क्लासच्या फीचा शेवटचा हप्ता राहिला होता. बेळगावकडचे एक गिऱ्हाईक दादांच्या हातची सतार शोधत आमच्या ओळखीच्या एका कारागिराकडे आले. आम्ही दोघांनी एका रात्रीत ठरवले. अठरा हजार मिळाले. मुलाला सांगितले, खुंट्या सैल झाल्यात, दुरुस्तीला दिली आहे. फीही भरली गेली आणि सतारही नजरेआड झाली. एका दगडात दोन पक्षी मारल्याचे समाधान होते आम्हाला, ते लपवत नाही. त्याने दोन-तीनदा विचारले. "कारागिराकडे काम फार आहे," असे आम्ही म्हणालो. मग त्याने विचारायचे सोडले. आम्हाला वाटले, विसरला.

शाळेत आम्ही मुलांना खोटे बोलू नये असे शिकवतो, तेही दोन भाषांत.

मार्क चांगले पडले. सांगलीला इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. लाइनमनला केवढे अप्रूप! आपण खांबावर चढतो, मुलगा खांब कुठे उभा करायचा ते ठरवील. कर्ज काढले. पहिले वर्ष पुरते संपलेही नाही तोवर टाळेबंदी आली आणि पुढचे वर्ष सगळे घरात, मोबाइलच्या पडद्यावर गेले. ज्यांची मुले त्या वर्षी शिकत होती त्यांना वेगळे सांगायला नको.

त्या काळातच एके दुपारी आम्ही झोपलेलो असताना तंबोरा वाजल्याचा आवाज आला. दादांचा एक जुना तंबोरा घरात होता. त्याचा भोपळा चिरलेला, म्हणून तो विकला गेला नव्हता. मोठ्याने तो भिंतीला टेकवून लावला होता, समोर मोबाइल ठेवला होता आणि लॅपटॉपवर काहीतरी उमटत होते. आम्ही रागवायलाच गेलो होतो.

"अब्बा, एक मिनिट बसा," तो म्हणाला. "हे तुमच्या कामाचं आहे."

पडद्यावर उभ्या रेघा होत्या. तंबोरा काळी एकमध्ये लावला होता. त्या सुरात जोडीची तार सेकंदाला साधारण एकशे अडतीस वेळा थरथरते. पहिली रेघ तिथे. दुसरी त्याच्या दुपटीवर, तिसरी तिपटीवर, अशा दहा-बारा रेघा जिन्यासारख्या. मग त्याने जवारीचा दोरा काढला आणि तीच तार छेडली. वरच्या रेघा उमटल्या आणि लगेच बसल्या. दोरा सरकवला, पुन्हा छेडली. या वेळी वरच्या रेघा एकेक करून उगवत गेल्या, तार छेडून झाल्यानंतरही. दादा ज्याला तार बोलते म्हणायचे, ते बोलणे आम्ही त्या दिवशी डोळ्यांनी पाहिले.

"ह्या वरच्या रेघांना काय म्हणतात?" लाइनमननी विचारले.

"हार्मोनिक्स."

लाइनमन गप्प झाले. कारण हा शब्द त्यांना चांगलाच ठाऊक होता, पण शिवीसारखा. वीज पन्नास हर्ट्झची असते, म्हणजे सेकंदाला पन्नास आवर्तने. संगणक, चार्जर, एलईडी दिवे ही मंडळी सरळ लहरीने वीज ओढत नाहीत, तिचे लचके तोडतात. मग त्या पन्नासच्या पटीत, दीडशेवर, अडीचशेवर, नको त्या लहरी तयार होतात. त्यांतली दीडशेची फार खोडसाळ. तीन फेजचे मूळ प्रवाह समतोल असले की न्यूट्रलमध्ये एकमेकांना मारून टाकतात, पण दीडशेवाले तिघे मारामारी न करता एकत्र जमतात आणि न्यूट्रलची तार तापते. मोठ्या कार्यालयांत हे दुखणे त्यांनी स्वतः हाताळलेले. नोकरीत पंचवीस वर्षे ज्याला आजार म्हटले, त्यावरच बापाने आयुष्य घासले, हे त्यांना त्या दुपारी समजले. ते काही बोलले नाहीत. उठून तंबोऱ्यावरची धूळ पुसली.

मोठ्याने आणखी एक गंमत दाखवली. साध्या तारेला बरोबर मध्यावर छेडले तर दुप्पट, चौपट अशा सम पटीतले स्वर तिच्यातून उमटू नयेत, असा विज्ञानाचा जुना नियम आहे. तंबोऱ्याला तो लागू पडत नाही, जवारीमुळे ते स्वर येतातच. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली तंबोरा आणि वीणेबद्दल हे लिहून ठेवले आहे, नोबेल मिळण्याच्या नऊ वर्षे आधी. तबल्याच्या शाईवरही त्यांनी काम केले. आणि आमच्या शेजारच्या सांगलीत तर त्याहूनही आधी कृष्णाजी बल्लाळ देवल या निवृत्त डेप्युटी कलेक्टरांनी श्रुती मोजायचा ध्यास घेतला होता, १९१० मध्ये त्यांचे बावीस श्रुतींवरचे पुस्तक निघाले. त्यांच्या खटाटोपात गळा कोणाचा होता? उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांचा. खाँसाहेब १९३७ साली वारले आणि त्यांची मजार आमच्या मिरजेत, ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात आहे. तिथून आम्ही हजारदा गेलो असू. एक हात मोजमापावर आणि एक कान सुरावर, ही जोडी आमच्या मातीत शंभर वर्षांपूर्वीच जमली होती, हे मुलाने सांगेपर्यंत आम्हाला माहीत नव्हते.

डीपीचे कोडेही त्याच दिवसांत सुटले. डीपीच्या पोटात लोखंडाच्या पातळ पत्र्यांची चळत असते. विजेच्या एका आवर्तनात त्या लोखंडाचे चुंबकत्व दोनदा चढते-उतरते आणि दोन्ही वेळा लोखंड डोळ्याला दिसणार नाही इतके लांबते-आखडते. पन्नासच्या दुप्पट शंभर. पांढरी पाचचा खालचा स्वर अठ्ठ्याण्णवचा. म्हणजे दादांचे "किंचित चढी" हे अगदी बरोबर होते, कुठल्याही यंत्राशिवाय. अमेरिकेत साठ हर्ट्झची वीज असते, तिथली डीपी एकशे वीसवर गुणगुणत असणार, काळी पाच आणि पांढरी सात यांच्या बरोबर मधोमध. "म्हणजे ती कुठल्याच पट्टीत नाही," असे म्हणून तो बराच वेळ हसत होता. आम्हाला त्यात हसण्यासारखे काय ते कळले नाही, पण बऱ्याच महिन्यांनी तो हसला होता.

इथवरचे सगळे ऐकायला गोड आहे. अडचण २०२३ मध्ये आली, डिग्री हातात पडल्यावर.

दूरच्या एका राज्यातल्या मोठ्या वीज प्रकल्पावर त्याची निवड झाली. वर्षाला साडेसहा लाख. डोक्यावर पावणेतीन लाखांचे कर्ज शिल्लक, धाकटीचे शिक्षण व्हायचे. आणि मोठा म्हणाला, जाणार नाही. कुपवाडच्या एमआयडीसीत पॅनेल बनवणाऱ्या एका लहान कारखान्यात त्याला सव्वीस हजारांची नोकरी मिळत होती. ती करीन, शनिवार-रविवार आणि संध्याकाळी आवाजाचे काम करीन. मैफलींना माइक लावणे, सतारी-तंबोऱ्यांना पिकअप बसवणे, इलेक्ट्रॉनिक तंबोरे दुरुस्त करणे. मिरज सोडली तर हे जमणार नाही.

त्या रात्री आमच्या घरात जे बोलले गेले ते सगळे इथे लिहिण्यासारखे नाही. "ज्या पेटीने तुझ्या दादांचं काम नेलं तीच दुरुस्त करत बसणार का?" हा आमचाच प्रश्न. तो म्हणाला, "हो. पेटी तर येणारच होती. ती बेसूर का वाजते ते आपल्यातल्या कोणाला तरी कळायला नको?" मग आम्ही म्हणालो की दोन डगरींवर पाय ठेवणारा मध्ये पडतो. त्याने शांतपणे विचारले, "अम्मी, तुम्ही सकाळी उजवीकडून डावीकडे लिहिता आणि दुपारी डावीकडून उजवीकडे, एकाच फळ्यावर. किती वेळा पडलात?"

मुले शिक्षकाच्या घरात वाढली की अशी बोलतात.

दुसऱ्या दिवशी त्याने आम्हाला काही माणसांबद्दल सांगितले. रॉबर्ट मूग हा न्यूयॉर्कचा मुलगा. वडील तिथल्या वीज कंपनीत इंजिनिअर, आईची इच्छा त्याने पियानो वाजवावा. बापलेकांनी घरात वाद्यांची विजेची मंडले जोडली, पुढे मुलाने कोलंबिया विद्यापीठात इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग केले आणि १९६४ मध्ये आपला सिंथेसायझर तयार केला. त्यांतला एक १९६९ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतही येऊन पोचला होता. दुसरे रे डॉल्बी, स्टॅनफर्डचे इलेक्ट्रिकल इंजिनिअर. हे युनेस्कोचे सल्लागार म्हणून १९६३ पासून दोन वर्षे आपल्या देशात होते. इथून गेल्यावर १९६५ मध्ये लंडनला त्यांनी आपली प्रयोगशाळा काढली आणि टेपच्या पार्श्वभूमीला जी सूं-सूं ऐकू येते ती दाबायची युक्ती शोधली. ज्या कॅसेटींवर आमच्या पिढीने कव्वाल्या ऐकल्या त्यांच्या कोपऱ्यात हे नाव छापलेले असायचे. आणि आपल्यातले रसूल पूकुट्टी. केरळातल्या साध्या घरातले, भौतिकशास्त्र शिकून पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये ध्वनीचे शिक्षण घेतले आणि २००९ मध्ये आवाजाच्या कामासाठी ऑस्कर आणले. त्याच रात्री ए. आर. रहमान यांना संगीतासाठी मिळाले होते, त्यामुळे रहमान सगळ्यांना आठवतात.

आम्ही म्हणालो, ही जगातली तीन माणसे झाली. पावणेतीन लाखांचा हप्ता भरणारी किती आहेत?

यावर त्याच्याकडे उत्तर नव्हते. खरे तर आमच्याकडेही नव्हते. कारखान्यात तो रुजू झाला आणि पहिला हप्ता त्याने पहिल्याच पगारातून भरला. आम्ही त्यावर काही बोललो नाही, एवढेच आमचे सहकार्य.

बडे अब्बा त्याला समजवायला आले होते. रागाने नाही, मायेने. मशिदीच्या कमिटीवर ते आहेत. त्या दिवसांत मशिदीच्या लाउडस्पीकरमध्ये सारखी घुंऽ अशी घरघर येत असे आणि जुम्याच्या बयानाला मध्येच शिट्टी वाजे. कोणी सल्ला दिला होता की अ‍ॅम्प्लिफायरच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाका, घरघर जाते. बोलता बोलता बडे अब्बांनी हे सांगितले आणि लाइनमन जागेवरून उठलेच. घरघर जाते हे खरे, पण उद्या अ‍ॅम्प्लिफायरच्या डब्यात वीज उतरली तर माइकला हात लावणारा जातो. असे अपघात त्यांनी पाहिले आहेत. तुमच्या घरी, मशिदीत, लग्नाच्या मांडवात कोणी ही पिन काढत असेल तर त्याचा हात धरा.

बापलेक दोघे मशिदीत गेले. माइकचा मिक्सर मिंबरजवळच्या बोर्डावर होता आणि अ‍ॅम्प्लिफायर वरच्या खोलीतल्या दुसऱ्या बोर्डावर. दोन बोर्डांच्या अर्थमध्ये थोडा फरक, त्यामुळे माइकच्या केबलच्या जाळीतून नको तो प्रवाह फिरत होता. तीच घरघर, डीपीच्याच जातीची. बापाने नवी अर्थिंग टाकून दोन्ही यंत्रे एकाच बोर्डावर आणली, मुलाने केबल बदलली. मग एक स्पीकर माइकच्या तोंडावर होता तो फिरवला. शिट्टी कोणत्या सुरात वाजते ते कानाने ऐकून त्याने इक्वलायझरवर नेमकी तेवढीच पट्टी खाली ओढली. घुमटाखाली आवाज घुमत होता, तो एकदम मोकळा झाला. असरची अजान झाली तेव्हा मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्या बायका दारात येऊन ऐकत उभ्या राहिल्या.

बडे अब्बा म्हणाले, "हे काम चांगलं. ते दुसरं चांगलं असं मी म्हणणार नाही." मोठा म्हणाला, "जी." दोघांनी चहा घेतला. त्यांचे मत बदललेले नाही आणि त्यांनी ते बदलावे असा हट्ट आम्ही धरत नाही. पण मशिदीचा अ‍ॅम्प्लिफायर बिघडला की फोन त्यालाच येतो.

आता त्याच्या कामाला दोन वर्षे झाली. वाचकांपैकी कोणाच्या घरात असा मुलगा किंवा मुलगी असेल तर त्यांना खरे आकडे हवे असतील, म्हणून सांगतो. एका मैफलीच्या आवाजाचे त्याला दोन हजार मिळतात, कधी नुसते जेवण आणि शाल. पिकअप बसवायचे दीड हजार, त्यातले निम्मे सामानात जातात. पिकअप म्हणजे घोडीजवळ चिकटवायची लहानशी चकती, ती थरथरीची वीज करते. पण ती वीज इतकी दुबळी असते की लांब केबलमधून जाईपर्यंत तिचा जीव जातो आणि सतार पत्र्याच्या डब्यासारखी वाजते. म्हणून तो चकतीच्या शेजारीच एक छोटे मंडल बसवतो. ते तो स्वतः बनवतो, रात्री अकरानंतर, जेवणाच्या ओट्यावर. आमच्या पोळपाटावर सोल्डरचे दोन डाग आहेत. उन्हाळ्यात आणि रमजानमध्ये हे काम जवळजवळ बंद असते. कारखान्याचा पगार नसता तर या कामावर घर चालले नसते, आणि हे काम नसते तर तो कारखान्यात टिकला असता असे आम्हाला वाटत नाही. डिग्रीचा उपयोग काय, असे लोक विचारतात. शाळेत मायक्रोफोन दुरुस्त करणारे खूप आहेत. घरघर कुठून येते ते कागदावर काढून दाखवणारा आम्ही एकच पाहिला. आणि सतार बेसूर आहे की केबल, हे ऐकून सांगायला दादांच्या मांडीशी बसावे लागते. ते कुठल्या कॉलेजात शिकवत नाहीत.

रिश्त्याच्या बोलण्यात मात्र आम्ही अजून कच्चे आहोत. "मुलगा काय करतो?" "इंजिनिअर आहे." इथे आम्ही थांबतो. मागच्या महिन्यात एका घरच्यांनी पुढे विचारले, "ते गाण्याबजावण्याचं ऐकलं ते?" आम्ही म्हणालो, "छंद आहे." मोठा शेजारच्या खोलीत होता. त्याने ऐकले असणार.

त्यानंतरच्या आठवड्यात तो रात्री उशिरा आला. जेवायला बसला. ताटाकडे बघत म्हणाला, "आज बेळगावची एक सतार आली होती. पिकअप बसवायला आणि जवारी काढायला."

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले.

"लहान बांध्याची. आत पेन्सिलीने दोन हजार एक लिहिलंय."

भाकरी मोडण्याचा आवाज तेवढा होता. बऱ्याच वेळाने लाइनमन म्हणाले, "तुला कधी कळलं होतं?"

"तेव्हाच. खुंट्या सैल नव्हत्या अब्बा. मीच आदल्या दिवशी खडू लावून घट्ट केल्या होत्या."

सहा वर्षे. एवढी वर्षे त्याने ते पोटात ठेवले आणि आम्ही समजत होतो की तो विसरला. आम्ही माफी मागायला तोंड उघडले, पण त्याने हातानेच थांबवले. एक कॉलेजात शिकणारी मुलगी ती वाजवते, म्हणाला. तारा वेळच्या वेळी बदललेल्या होत्या, खुंट्या स्वच्छ होत्या, फक्त जवारी बसली होती. जवारी त्याने वडाच्या गिऱ्हाइकाची घासावी तशी घासली नाही, दादांच्या कानशीने घासली. त्याला तीन तास लागले.

"परत मागायची का?" आम्ही विचारले. "पैसे जमवू."

"वाजतेय ना ती," तो म्हणाला. "दीड हजार घेतले. जवारीचे नाही घेतले."

मग वीज गेली. पंखा थांबला, आणि गल्लीच्या तोंडाशी कायम असणारी ती गुणगुणही थांबली. ती चालू असताना आम्हाला ऐकू येत नाही, बंद पडल्यावर कळते. लाइनमननी बॅटरी शोधली, बूट घातले. मोठा ताट तसेच ठेवून त्यांच्यामागे निघाला. अंधारात दोघे डीपीकडे जाताना आम्हाला बापाचा आवाज ऐकू आला, "हात लावू नको, आधी ऐक."